कोमलचा दहावा

१८ मार्च, मंगळवार

एफ.वाय.च्या समाजशास्त्राला आज लोकरीती आणि लोकनीती. उदाहरणं मुलांकडूनच काढली. डाव्या हातानं जेवलं तर काय होईल? हसतील. चपला घालून देवळात गेलं तर? ओरडतील, मारतीलसुद्धा. मागच्या बाकावरून प्रश्न, "मॅडम, कशाला हसायचं आन कशाला मारायचं हे ठरवतं कोण?" बरा प्रश्न होता. उद्या बोलू म्हटलं, घंटा झाली.

उंब्रजच्या फाट्यावर कराडच्या एसटीची वाट बघत होते. समोर नवा फ्लेक्स. काळी चौकट, भावपूर्ण श्रद्धांजली. रोज कुणाचा ना कुणाचा असतोच, वाचत नाही आपण. मग फोटो बघितला.

कोमल.

टी.वाय.ची कोमल. तीन वर्षं माझ्या विषयाची. गुरुवारी तर स्टाफरूममध्ये येऊन प्रकल्पाची फाईल देऊन गेली. "अल्पशा आजाराने". दशक्रिया गुरुवार, २७ तारखेला.

फोटो गेल्या वर्षीच्या बक्षीस समारंभातला. बाजूची माणसं कापून टाकलीत, पण डाव्या खांद्यावर एक हात राहिलाय. मनगटावर घड्याळ. हात माझा आहे.

एसटी आली, गेली. दुसरीत बसले ते कधी, आठवत नाही.

१९ मार्च, बुधवार

भेटायला गेले. संजय येतो म्हणाला होता, ऐन वेळी बँकेत काम निघालं. एकटीच गेले.

कोमलचे वडील बाहेर सतरंजीवर. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, गावात सगळे मेजर म्हणतात. पांढरा सदरा, पाठ ताठ. मी हात जोडले, त्यांनीही जोडले. आत सुमनताई, तिची आई, भिंतीला टेकून. शेजारी बसले आणि मलाच आवरेना. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. त्यांचं रडणं खरं होतं. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिल्यावर मलाच पटणार नाही.

मी विचारलं, एकाएकी काय झालं? ताप होता? कुठल्या दवाखान्यात नेलं होतं? बायका जमिनीकडे बघत बसल्या.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. सुतकाचं घर, चूल बंद, शेजारच्या काकू पिठलं-भाकरी घेऊन आलेल्या. त्या माझ्या कानाशी आल्या.

"मॅडम, तुमाला ठावं न्हाई व्हय? जित्ती हाय ती. सांगलीत. लगीन केलंय. पोरगा आपल्यातला न्हाई."

"काय?"

"मग मेल्यालीच की वो."

त्या भाकरीवर फडकं झाकत होत्या. आवाजात काही वेगळं नाही. जसं मीठ संपलंय सांगावं.

ओरडायला पाहिजे होतं. बाहेर जाऊन त्या सतरंजीवरच्या माणसांना विचारायला पाहिजे होतं. मी पाणी प्यायले आणि परत सुमनताईंजवळ जाऊन बसले. भिंतीवर एका तरुण बाईचा जुना फोटो, चंदनाचा हार घातलेला. निघताना सवयीनं त्यालाही नमस्कार केला. दुःखाच्या घरातून निघताना "येते" म्हणत नाहीत. मीही म्हटलं नाही. कुणाच्या दुःखासाठी म्हटलं नाही, माहीत नाही.

संध्याकाळी संजयला सांगितलं. त्यानं बुटाची नाडी सोडली. मग म्हणाला, "हो, कळलं होतं मला."

"कधी?"

"काल सकाळी. आमच्या भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी पुढं पाठवलं होतं."

त्याचा फोन बघितला. खाली शंभरेक जणांचे हात जोडलेले. "भावपूर्ण श्रद्धांजली." "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो." त्यात संजयचंही.

"जिवंत आहे हे माहीत असून?"

"सगळ्यांनी टाकलं. मी एकट्यानं न टाकून काय…"

मी उठले. कुकर लावला.

२० मार्च, गुरुवार

दुपारी अनोळखी नंबर.

"मॅडम, मी कोमल."

मी खुर्चीत बसले. हिचा फ्लेक्स बघितलाय, हिच्यासाठी रडलेय, आणि ही बोलतेय. अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू.

"तुम्ही घरी गेला होता म्हणे. आमच्या वर्गातल्या मेघाच्या स्टेटसला फ्लेक्स बघितला मी. मॅडम, फोटो चांगला लावलाय ना?" हसली. मग, "मला पेपर द्यायचेत. मेलेल्या मुलीला बसू देतात का?"

२२ मार्च, शनिवार

सांगलीला जाऊन आले. संजयला सांगून गेले. तो म्हणाला, "पडू नकोस यात. आपल्याला इथंच राहायचंय." म्हटलं, तिलाही कुठंतरी राहायचंच आहे.

विश्रामबागेच्या मागं दोन खोल्या. सासूनं आधी खिडकीतून बघितलं, मग कडी काढली, मी आत आल्यावर परत लावली. भर दुपारी. "मामेभाऊ दोनदा चकरा मारून गेलेत तिचे," म्हणाल्या. बाई चांगली वाटली, पण दमलेली. त्यांच्याकडचीही माणसं यायची थांबलीत. दूधवालासुद्धा बदलावा लागला. नवरा रोहित, लग्नाची व्हिडिओ शूटिंग करतो. तिच्या मामेबहिणीच्या लग्नात ओळख झालेली. पंचवीसचा असेल, बोलताना सारखं कोमलकडे बघत होता, बरोबर बोलतोय ना म्हणून.

चहा झाला. सासू आणि रोहित बाहेरच्या खोलीत गेले. कोमल जवळ सरकली.

"बॅग आईनं भरली, मॅडम."

मला कळलंच नाही आधी.

"आधार कार्ड, दहावीचं सर्टिफिकेट, सगळं आईनं काढून ठेवलं. बाबा जिल्हा बँकेत गेले होते पेन्शनला. आई म्हणली, गेलीस की तुझं दिवस घालतील, मनाची तयारी ठेव. तुझ्या आत्याचं घातलं तसंच. मी रडीन, त्ये खरंच रडीन, पर तू मागं बघू नगंस."

"आत्याचं?"

"हॉलमधला फोटो बघितला ना तुम्ही? हार घातलेला. साप चावून गेली म्हणून सांगितलं होतं मला. मी दहावीला, बारावीला, प्रत्येक परीक्षेला आत्याच्या पाया पडून गेले. ती पण अशीच गेलेली. पुण्याकडं असती म्हणे. नातवंडं झाली असतील आता."

परत येताना एसटीत काहीच सुचेना. सामाजीकरण हा शब्द मी किती वर्षं फळ्यावर लिहितेय. मूल आपल्या समाजाचं वागणं शिकतं. एक मूल जिवंत बाईच्या फोटोला नमस्कार करून परीक्षेला जातं, आणि मोठं झाल्यावर त्याच भिंतीवर स्वतः… आणि सुमनताई. बुधवारी माझा हात धरून रडणारी ती बाई. तिनंच बॅग भरली. तिला सगळं माहीत होतं आणि ती खरंच रडत होती. दोन्ही खरं.

हे कुणाला सांगायचं नाही. संजयलासुद्धा नाही.

२४ मार्च, सोमवार

सकाळी एफ.वाय.चा तास, सामाजिक नियंत्रण. हजेरी घेऊन वर बघितलं तर दारात मेजर.

"मॅडम, येऊ का? तुमी काय शिकिवता त्ये ऐकायचं हाय."

शिपाई मागं धावत आलेला. वर्गात निम्मी मुलं त्यांच्याच गावातली. काय म्हणणार? या म्हटलं. शेवटच्या बाकावर बसले, कडक इस्त्री, गुडघ्यावर हात. मी शिकवलं. कसं, देव जाणे. औपचारिक नियंत्रण: कायदा, पोलीस, न्यायालय. अनौपचारिक: टोमणे, कुजबुज, बोलणं बंद करणं, बहिष्कार.

त्यांनी हात वर केला. एखाद्या विद्यार्थ्यासारखा.

"मी फौजेत समद्या जातींच्या पोरांसंगं एका ताटात जेवलोय. बर्फात एका रजईत झोपलोय. तितं कुणी इचारलं न्हाई. हितं पोरीला घरात ठेवली असती तर गावानं आमाला टाकलं असतं. पाण्याची पाळी, उसाची तोड, धाकट्या पोराचं लगीन, समदं बंद. मग आमीच तिला टाकली. ह्याला पुस्तकात काय म्हंत्यात?"

मी म्हटलं, "सामाजिक बहिष्कार. त्याच्या भीतीनं माणूस समूहाचे नियम पाळतो."

"म्हंजी नाव हाय ह्याला."

"आहे."

"पुस्तकात छापलंय."

"हो."

त्यांनी श्वास सोडला. खांदे खाली आले. मी बघितलं ते. "मग आमी काय जगायेगळं केलं न्हाई," म्हणाले. मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी त्यांना शब्द दिला आणि त्यांना आधार वाटला.

मी म्हटलं, "मेजर, पुढच्या पानावर कायदा आहे. हे करणं गुन्हा आहे."

ते उभे राहिले होते. "मेलेल्या माणसाला कायदा लागत न्हाई, मॅडम."

नमस्कार करून गेले. मुलं माझ्याकडे बघत होती. मी खडू ठेवला आणि तास सोडला.

२७ मार्च, गुरुवार

गेले. जाऊ नये असं संजयचं म्हणणं, मग तोच गाडी घेऊन आला. "लांब उभी राहा."

कृष्णेचा घाट. पुरुष खाली, बायका वरच्या पायऱ्यांवर. मेजरांनी मुंडण केलेलं. भाताचा पिंड, दही, पाटावर तोच फ्लेक्समधला फोटो लहान करून. समोर वडावर कावळे होते, भरपूर. एकही खाली येईना.

मेलेल्या माणसाची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, मग घरच्यांनी मोठ्यानं शब्द द्यायचा. चुलते पुढं झाले. "तुझ्या नावानं शाळेला पंखा देऊ." कावळा नाही. "तुझ्या शेरडाला इकणार न्हाई." नाही. "दर साली अन्नदान करू." दोनशे माणसं एका जिवंत मुलीची इच्छा ओळखायला उभी, आणि एकाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. मला वाटलं कुणीतरी फुटेल आता, हसेल, म्हणेल पुरे झालं. कुणी नाही. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं.

आणि वरून आवाज आला.

"पेपर द्यायचाय तिला! पेपर दिऊ देतो म्हना!"

सुमनताई. पदर खांद्यावर पडलेला.

सगळ्या माना वळल्या. मेजर वळले नाहीत. पिंडाकडेच बघत राहिले. त्यांचे ओठ हलले असं मला वाटलं, पण शब्द आला नाही. चुलते म्हणाले, "गप बसवा रं तिला." जावांनी दंडाला धरून बसवलं.

बराच वेळ गेला. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला. झालं. पुरुष पाण्यात उतरले.

गाडीत संजय एकच वाक्य बोलला. "आता त्यांना कळलं असेल, बाईला आधीपासून सगळं माहीत होतं."

म्हणजे त्यालाही कळलं.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली. मेजरांच्या गावाकडून आलेली कामवाली सांगत होती, त्यांच्या दारात गुढी नाही. वर्षभर सण नाही. सुमनताईंचा फोन बंद येतोय. काकूंकडून एवढंच कळलं, घरात कुणी त्यांच्याशी बोलत नाही. ताट वाढून ठेवतात, बोलत नाहीत.

२ एप्रिल, बुधवार

प्राचार्यांकडे गेले. त्यांना वाटलं मी रजा मागायला आले.

"कोमलचं नाव परीक्षेला? अहो पण ती तर…" थांबले. त्यांनाही माहीत आहे, तरी तोंडात तेच आलं. मग, "बाहेरचं सेंटर घ्यायला सांगा तिला."

"आता बदलत नाही, सर. हॉलतिकीट निघालंय."

"गावांच्या जिवावर कॉलेज चालतं, मॅडम."

मी म्हटलं लेखी द्या तसं. लेखी देईनात. बोलले, "तुमच्या जबाबदारीवर." चालेल.

तिथून पोलीस ठाण्यात. महिला हवालदार होत्या, माझ्याच वयाच्या. सगळं ऐकून घेतलं, पेन टेबलावर आपटत. "फ्लेक्स मी रोज बघत्ये मॅडम. मला वाटलं, गेली बिचारी." मग, "पेपरच्या दिवशी मी सोता येत्ये गेटवर."

८ एप्रिल, मंगळवार

आज. सगळं लिहिता येणार नाही.

रोहितनं मित्राची गाडी आणली. कोमल उतरली, निळा ड्रेस, गळ्यात मंगळसूत्र. गेटवर तिचे दोन मामेभाऊ मोटारसायकलींवर. हवालदार मधे उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत. कोमल आत गेली.

माझाच विषय, म्हणून मला पर्यवेक्षण नाही. व्हरांड्यात उभी होते. खिडकीतून दिसत होतं. मेघा, तीन वर्षं हिच्या डब्यातली भाजी खाणारी, शेजारच्या रांगेत. कोमल तिच्याकडे बघून हसली. मेघानं पॅड सरळ केलं. घाबरली होती की काय, एकदाही वर बघितलं नाही. सगळा वर्ग तसाच. हजेरीच्या वेळी सर तिच्या बाकाशी आले, नाव वाचलं, थबकले. ती म्हणाली, "आहे, सर."

पेपर पूर्ण लिहिला तिनं. पुरवणी घेतली.

बाहेर आलो तर गेटसमोर एसटी थांबलेली आणि सुमनताई उतरत होत्या. एकट्या. हातात पितळी डबा. सगळ्यांसमोर, पोरं मोबाईल काढून उभी, मामेभावांसमोरून चालत आल्या. थेट लेकीपाशी.

"खा आदी."

कोमलनं डबा घेतला. तिथंच गेटच्या कठड्यावर बसली आणि खाल्लं. रडत, खात. आई डोक्यावरून हात फिरवत उभी. एक मामेभाऊ म्हणाला, "आत्ती, काय करायलीस त्ये कळतंय का?" त्यांनी त्याच्याकडे बघितलं फक्त. तो मागं सरला.

कोमल म्हणाली, आई, चल आमच्यासंगं.

"नगं. तुजी सासू आदीच कडी लावून बसती. जा तुमी. उजेडात पोचा."

गाडी गेली. माणसं पांगली. सुमनताई रिकामा डबा धरून माझ्याकडे वळल्या.

"मॅडम, आता मला घरला जाता यायचं न्हाई. आन दुसरं घर मला ठावं न्हाई."

कराडला घेऊन आले. दार संजयनं उघडलं. बघितलं, बाजूला झाला, "या" म्हणाला. मग स्वयंपाकघरात मला हळूच, "किती दिवस?"

"माहीत नाही."

तो गेला आणि खालचं फाटक लावून आला. भावकीच्या ग्रुपवर दुपारपासून गेटवरचा व्हिडिओ फिरतोय. त्यात मीही आहे. खाली अजून कुणी काही लिहिलेलं नाही.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी उठून बघते तर सुमनताईंनी ओटा धुतलेला, कणीक मळलेली. नको म्हटलं तर, "बसून ऱ्हायलं की जीव जायला बघतोय."

नऊच्या सुमाराला माझ्या फोनवर मेजर.

"आमची मंडळी तिकडं हाईत का?"

"आहेत."

मागं हायवेवरच्या ट्रकांचा आवाज. फाट्यावर असावेत.

"तिला इचारा, मॅडम. ती कवा मेली म्हनून सांगू?"

धमकी होती का? तसा आवाज नव्हता. माणूस खरंच विचारत होता. गावात विचारतायत, त्यांना उत्तर द्यायचंय, आणि त्यांच्याकडे हे एकच उत्तर आहे. फोन स्पीकरवर होता. सुमनताईंनी ऐकलं. त्यांनी हात पुसले नाहीत, पिठाच्या हातानंच फोनजवळ आल्या.

"जित्ती हाय म्हनून सांगा," म्हणाल्या. "आन न्यायला यायचं आसंल तर दिसाढवळ्या या. फाट्यावर समद्यांम्होरं माजं नाव घ्या, पोरीचंबी घ्या. मग मी येत्ये."

मी बघितलं, फोन कट झाला नव्हता. सेकंद पुढं चालले होते. ट्रक जातोय, हॉर्न, मग एक एसटी थांबल्याचा आवाज, कंडक्टरची घंटी. त्यांचा श्वास.

सुमनताई फोनकडे बघत उभ्या. संजयही दारात येऊन उभा राहिला.

मेजर खाकरले. बोलायच्या आधी खाकरतो माणूस, तसं.